एका पायावर

"भालू, आधी जंपर बघ. इन्सुलेटरचं नंतर बघू," खालून मच्छिंद्र घुले ओरडला.

"बघतो," मी वरून म्हणालो.

बेलापूर रस्त्याला, उसाच्या फडाच्या कडेला असलेल्या लोखंडी खांबावर मी चढलो होतो. लाइन बंद केलेली होती आणि तसं लेखी परमिट घुलेच्या खिशात होतं. घुले माझ्याहून अठरा वर्षांनी मोठा. त्याचे गुडघे गेलेले, म्हणून वर मी चढायचं आणि खाली त्यानं उभं राहायचं असा आमचा चार वर्षांचा रिवाज होता. दसऱ्यानंतरचा तो मंगळवार. ऊन कोवळं होतं, वारा मुळीच नव्हता. उजवा पाय आडव्या पट्टीवर रोवून मी डावा पाय उचलला आणि तो पलीकडं ठेवायला गेलो. पट्टी तिथंच होती. हजार वेळा मी तिच्यावर पाय ठेवला होता. पण त्या दिवशी पाय हवेत पडला. पट्टी त्याला सापडली नाही.

अर्धा क्षण गेला असेल. कमरेचा पट्टा ताणला गेला, मी खांबाला मिठी मारली आणि हातातला पाना खाली पडला.

"काय झालं रं?"

"काही नाही. मुंगी चावली."

घुलेनं पाना उचलून दोरीला बांधला आणि वर पाठवला. तो कुठं पडला होता ते मी पाहिलं होतं. घुलेच्या डोक्यापासून हातभर अंतरावर.

जंपरची सुटलेली तार जोडून मी खाली आलो आणि खांबाला पाठ लावून तिथंच बसलो. घुलेला वाटलं चक्कर आली. त्यानं मला पाण्याची बाटली दिली. मला काय वाटत होतं ते मी त्याला सांगितलं नाही. तसं मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

याला आता एकोणीस वर्षं झाली.

माझे वडील माळकरी होते. आयुष्यात त्यांनी दारूच्या थेंबाला स्पर्श केला नाही. एका साखर कारखान्यात ते पहारेकरी होते. वयाच्या अडतिसाव्या वर्षी त्यांची चाल बिघडली. पाय फाकून चालायचे, वळताना झोक जायचा, पुढं बोलणंही जड झालं. लोक म्हणायचे, हा खर्डे गळ्यात माळ घालून पितो. एकदा कारखान्याच्या गेटवर सगळ्यांसमोर त्यांच्या तोंडाचा वास घेतला गेला. वास आला नाही, तरी त्यांना घरी पाठवलं. त्या दिवशी आईनं त्यांना विचारलं, "खरं सांगा, घेता का?" ते काही बोलले नाहीत. बोलले असते तरी जीभ वळली नसती. एक्कावन्नाव्या वर्षी ते गेले. कशानं गेले ते आम्हाला कळलंच नाही.

कळलं ते माझा थोरला भाऊ सोपानदादा छत्तिसाव्या वर्षी तसाच चालायला लागला तेव्हा. त्याला मी पुण्याला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला नाकाला बोट लावायला सांगितलं, एका रेषेवर चालायला सांगितलं, रक्त घेतलं. महिन्यानं त्यांनी आजार समजावून सांगितला. मेंदूचा एक लहानसा भाग असतो, त्याच्यावर माणसाचा तोल असतो. तो झिजत जातो. औषध नाही. आणि हा आजार रक्तातून येतो.

"तुमच्या वडिलांना होता, म्हणजे प्रत्येक मुलाला अर्धी शक्यता," बाई म्हणाल्या. "नाणं उडवल्यासारखं. तुम्हाला जाणून घ्यायचं असेल तर तुमचीही तपासणी करता येईल. घाई नाही. घरी विचार करा, बोला."

मी घरी बोललो नाही. तिथल्या तिथं बाही वर केली आणि रक्त दिलं. रंजनाला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं की दादाला मेंदूत ताप गेल्यामुळं असं झालंय. आमची सायली तेव्हा चार वर्षांची होती.

रिपोर्ट सहा आठवड्यांनी मिळणार होता. सहाचे सोळा झाले, तरी मी गेलो नाही. त्याऐवजी रोज सकाळी न्हाणीघराचं दार लावून एका पायावर उभा राहायचो आणि घड्याळात बघायचो. चाळीस सेकंद, पन्नास सेकंद. पन्नास झाले की त्या दिवसापुरतं हायसं वाटायचं. पस्तीसलाच पाय टेकला तर दिवसभर हात गार पडलेले असायचे. आणि तसल्याच हातांनी मी खांबावर चढायचो.

याच उभं राहण्यापायी मी हिवाळे सिस्टरांच्या वर्गात गेलो. कोणीतरी म्हणालं, योगासनांनी तोल सुधारतो.

सुवार्ता हिवाळे मिशनच्या दवाखान्यात छत्तीस वर्षं नर्स होत्या. लग्न केलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर श्रीरामपुरातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये त्या रोज पहाटे साडेपाचला योगाचा वर्ग घ्यायच्या. दर रविवारी चर्चला जायच्या आणि सोमवारी आम्हाला सूर्यनमस्कार घालायला लावायच्या. कोणी खोचक विचारलं, तर म्हणायच्या, "पाठ सगळ्यांची एकाच ठिकाणी दुखते हो." बुटक्या, काटक, पांढरे केस आखूड कापलेले. वय सत्तरीला टेकलेलं. वर्गात वीस-बावीस माणसं. निवृत्त हेडमास्तर कोळपकर गुरुजी, कापडदुकानाच्या छाजेड काकू, दोन-तीन बँकवाले आणि एक मी, वायरमन.

त्या मंगळवारच्या दुसऱ्या दिवशी वर्गात वृक्षासन चाललं होतं. एका पायावर उभं राहायचं, दुसऱ्याचा तळवा मांडीला टेकवायचा आणि हात जोडून डोक्यावर न्यायचे. माझे ओठ हलत होते. सिस्टर माझ्याजवळ आल्या.

"काय पुटपुटतोस? देवाचं नाव घेतोस?"

"नाही."

"मग मोजतोयस. गेले तीन महिने मोजतोयस. कसली परीक्षा देतोस रे रोज?"

माझा पाय खाली आला. वर्ग संपल्यावर सगळे गेले, मी सतरंज्या गुंडाळत मागं राहिलो. आणि कोणाला न सांगितलेलं त्यांना सांगून टाकलं. वडील, दादा, रिपोर्ट, खांब, पाना.

मला वाटलं, त्या धीर देतील. नर्स होत्या, धीर देणं हेच त्यांचं काम. पण त्यांनी आधी विचारलं, "घरात माहीत आहे?"

"नाही."

"दादाला?"

"त्याला त्याचं माहीत आहे. माझं नाही."

"म्हणजे तो एकटा आजारी आणि तू एकटा घाबरलेला. दोघं एकाच घरचे." त्या खिडकीच्या कट्ट्यावर बसल्या. "भालचंद्र, छत्तीस वर्षं मी लोकांना सांगत आले, काही होणार नाही, घाबरू नका. कितीतरी वेळा ते खोटं होतं. मला माहीत असायचं आणि त्यांनाही. तुला मी ते सांगणार नाही."

"मग मी काय करू?"

"आत्ता? आत्ता एका पायावर उभा राहा. मोजू नकोस. खाली घोट्याकडे लक्ष दे."

मी उभा राहिलो. घोटा सारखा हलत होता. इकडं झुकायचा, सावरायचा, तिकडं झुकायचा.

"थरथरतोय," मी म्हणालो. माझा आवाज घाबरलेला होता.

त्या उठल्या, चपला काढल्या आणि माझ्यासमोर एका पायावर उभ्या राहिल्या. "माझा बघ."

त्यांचाही हलत होता. माझ्याहून जास्त.

"सगळ्यांचाच हलतो. निरोगी माणसाचाही. तोल म्हणजे न हलणं नव्हे रे. क्षणाक्षणाला पडायला लागायचं आणि क्षणाक्षणाला सावरायचं, त्यालाच लोक उभं राहणं म्हणतात. तू पडण्याची वाट बघत उभा राहतोस. म्हणून तुझं अंग लाकूड होतं, आणि लाकूड पटकन पडतं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात त्यांचाच तोल गेला आणि त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. दोघंही हसलो. त्या दिवशी एवढंच झालं. खांबाचं काय करायचं, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही.

पुढचे दोन दिवस खांबावर चढायची वेळ आली नाही. आली ती शनिवारी. पण त्याआधी शनिवारच्या पहाटेचा वर्ग झाला, आणि तो मी जन्मात विसरणार नाही.

सगळं नेहमीसारखं सुरू झालं. वृक्षासन दोन्ही बाजूंनी झालं. मग सिस्टर म्हणाल्या, "दोन्ही हात वर. टाचा उचला. आता..."

आणि त्या थांबल्या.

आम्ही हात वर करून उभे होतो. सिस्टर आमच्याकडं बघत होत्या, पण आम्ही त्यांना दिसत नसावेत. घरात शिरल्यावर आपण इथं कशाला आलो हे आठवत नसलं की माणूस जसा उभा राहतो, तशा त्या उभ्या होत्या. मागं कोणीतरी हळूच खाकरलं.

कोळपकर गुरुजींनी आठवण करून दिली, "त्रिकोणासन, सिस्टर."

"हो. त्रिकोणासन." त्यांनी मान हलवली. पुन्हा गप्प. मग त्या अगदी शांत आवाजात म्हणाल्या, "गुरुजी, नाव सांगितलंत, आभारी आहे. पण ते कसं करतात तेही गेलंय माझ्या डोक्यातून."

छाजेड काकू हसल्या. त्यांना ती थट्टा वाटली. दुसरं कोणी हसलं नाही, तेव्हा त्यांचंही हसू थांबलं.

"हात खाली घ्या," सिस्टर म्हणाल्या. "घाबरू नका. येईल आठवण. नाही आली तर नाही येणार. तोपर्यंत आपण काहीच करायचं नाही. जिथं आहात तिथं नुसते उभे राहा. मीही उभी आहे."

आम्ही उभे राहिलो. किती वेळ, सांगता येत नाही. मी मोजत नव्हतो. बाहेरच्या रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याचे हादरे फरशीतून तळव्यांना कळले. व्हेंटिलेटरमध्ये चिमण्यांचा कालवा चालला होता. शेजारी गुरुजींचा श्वास वाजत होता. मी समोर सिस्टरांकडं बघत होतो. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, एका हाताची बोटं दुसऱ्या हातानं घट्ट धरली होती. हळूहळू ती बोटं सुटली. खांदे खाली आले. काही आठवलं नव्हतं, हे दिसत होतं. पण एवढ्या माणसांसमोर, काही न आठवता, त्या उभ्या होत्या. पळून गेल्या नाहीत, बहाणा केला नाही.

मुंगी चावली, असं म्हणाल्या नाहीत.

शेवटी त्यांनी सगळ्यांना शवासनात झोपवलं आणि वर्ग संपवला. जाताना गुरुजींनी त्यांना वाकून नमस्कार केला. हा माणूस कोणासमोर वाकलेला मी पाहिला नव्हता.

मी थांबलो. सिस्टर स्वतःच म्हणाल्या, "वैशाखात डॉक्टरांनी सांगितलंय. विसरण्याचा आजार आहे. माझ्या हाताखालून गेलेत असे पेशंट, मला पुढचं सगळं माहीत आहे. आधी कामं जातात, मग नावं, मग माणसं."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"न वाटायला मी काय दगड आहे? रोज डोळे उघडले की पहिलं काय करते, सांगू? माझं नाव आठवतं का ते बघते. तू तंगडी वर करून सेकंद मोजतोस ना, तसंच." त्या किंचित हसल्या. "एक दिवस आठवणार नाही. पण मग मी म्हणते, सुवार्ता, आज तर आठवलं. आजचा दिवस आलाय, तो तरी घे. प्रार्थनेतही आता पुढचं काही मागत नाही मी."

"वर्ग बंद करणार?"

"मोडेल त्या दिवशी मोडेल. पण मी शिकवताना कोणाच्या मानेला इजा होईल असं वाटलं, तर त्याआधीच थांबेन. माझं विसरणं माझ्यापुरतं. त्यात दुसऱ्याची मान जाता कामा नये."

हे त्या स्वतःबद्दल बोलत होत्या. माझ्याकडं त्यांनी बघितलंही नाही. पण माझ्या डोळ्यांपुढं बेलापूर रस्त्याचा खांब आला आणि खाली मान वर करून उभा असलेला घुले.

दहा वाजता आम्ही एका ट्रान्स्फॉर्मरजवळच्या खांबापाशी पोचलो. लाइन बंद झाल्याचा फोन आला. मी कमरेला पट्टा बांधला, हातमोजे चढवले, खांबाला हात लावला आणि थांबलो.

"चढ की."

"घुलेदादा, माझ्यानं चढवत नाही."

"बरं नाही?"

मी सगळं सांगितलं. रस्त्याच्या कडेला, उभ्या उभ्या. तो ऐकत होता आणि त्याचा चेहरा काळवंडत चालला होता. मला वाटलं, त्याला माझी कीव येतेय. पण तो संतापला होता.

"किती दिवस झाले याला?"

"तीन-चार महिने."

"चार महिने! चार महिने तू माझ्या डोक्यावर लोखंड घेऊन उभा होतास? मंगळवारचा पाना? मुंगी चावली म्हणून सांगितलंस मला!" त्यानं माझ्या हातातले मोजे ओढून घेतले. "मला तीन लेकी आहेत रं भाड्या!"

त्यानं माझ्या कमरेचा पट्टा सोडवला, स्वतःच्या कमरेला बांधला आणि एक्कावन्नाव्या वर्षी, ते दुखरे गुडघे घेऊन, खांबावर चढायला लागला. मी खाली उभा राहिलो. तो पायरीपायरीला कण्हत होता आणि वरून मला शिव्या देत होता. काम झालं. खाली उतरला तेव्हा घामानं निथळत होता. बराच वेळ तो सायकलच्या दांडीला टेकून राहिला.

मग म्हणाला, "तुझ्या बापाला मी ओळखत होतो. गेटवर त्याचा वास घेतला तेव्हा मी तिथं वायरिंगच्या कामाला आलो होतो. हसलो होतो मी पण." त्यानं तोंड पुसलं. "चल. जेई साहेबाकडं जाऊ. मी बोलतो. तुला सबस्टेशनला खाली काम मिळंल."

संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला मी रंजनाला सांगितलं. ती गवार निवडत होती. मी सांगत गेलो, ती निवडत राहिली. तापाबद्दल खोटं बोललो हे सांगितलं, रक्त दिल्याचं सांगितलं, खांबाचं सांगितलं. शेवटी म्हणालो, "आणि मला झाला असेल तर सायलीलाही..."

ती म्हणाली, "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तुमच्या आत्यांनी मागं आजोबांचंही सांगितलं होतं. तेही असेच चालायचे म्हणे. मग वडील, मग भावजी. अहो, ताप काय पिढ्यान्पिढ्या एकाच घरात येतो?" तिनं सूप बाजूला ठेवलं. "भावजी अंगणात पडले ना, त्या दिवसापासून मी तुमच्या पायांकडंच बघतेय. तुम्ही न्हाणीघरात काय करता तेही मला ठाऊक आहे. फटीतून दिसतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल, याची वाट बघत होते."

त्या दिवशी मला सगळ्यात जास्त लाज वाटली ती याची. आजाराची नाही. ही बाई चार महिने माझ्यासमोर बसून एकटी घाबरत होती, आणि मला वाटत होतं की मी तिला वाचवतोय.

पुढच्या बुधवारी आम्ही दोघं पुण्याला गेलो. सायलीला वहिनींकडं ठेवलं. दादा दारात खुर्चीवर बसला होता. त्यालाही आदल्या दिवशी सांगितलं होतं. त्याचं बोलणं आता घसरत चाललं होतं. तो सावकाश, एकेक शब्द जोडत म्हणाला, "भाल्या, काय निघंल ते निघो. इथंच ये आधी."

डॉक्टरीणबाईंनी आधी मला तपासलं. नाकाला बोट, रेषेवर चाल, डोळे मिटून उभं राहणं. मग पाकीट उघडलं.

"दोष तुमच्यातही आहे," त्या म्हणाल्या. फिरवून सांगितलं नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

रंजनानं माझं मनगट धरलं.

"पण आजार अजून सुरू झालेला नाही. आज तुमचा तोल अगदी चांगला आहे."

"मग खांबावर माझा पाय हुकला तो?"

"आजारानं नाही. इतके महिने पायांवर पहारा ठेवलात, तर चांगला पायही चुकतो. भीती होती ती."

"कधी सुरू होईल?"

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "ते मला सांगता येत नाही. दोन वर्षांनी, दहा वर्षांनी, कदाचित त्याहून उशिरा. वडिलांना अडतीसला झाला म्हणून तुम्हालाही तेव्हाच होईल असं नाही. उशिराही होईल, लवकरही."

आम्ही बाहेर आलो. मला वाटायचं, त्या कागदानं एकदाचा निकाल लागेल. हो म्हटलं तर आभाळ कोसळेल, नाही म्हटलं तर सुटका होईल. कागदानं हो म्हटलं, आणि रस्त्यावर रिक्षा पळत होत्या, पेरूवाला पेरू कापून मीठ लावत होता, आणि उद्या काय हे मला कालच्याइतकंच माहीत नव्हतं. रंजना फुटपाथवर बसून रडली. मी तिच्याशेजारी बसलो. येणारे-जाणारे बघत होते, बघू दिलं. रडून झाल्यावर ती म्हणाली, "भूक लागलीय." आम्ही समोरच्या हॉटेलात मिसळ खाल्ली. इतकी चव लागली की आम्हाला एकमेकांकडं बघवेना.

परत आलो ते आधी दादाकडं. त्याला काही सांगावं लागलं नाही. त्यानं माझा चेहरा बघितला, हात पुढं केला, आणि तो धरून मी त्याच्या खुर्चीशी खाली बसलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी वर्गात गेलो. सिस्टरांना म्हणालो, "आहे."

"बरं," त्या म्हणाल्या. "गुरुजींच्या शेजारी जागा आहे, तिथं उभा राहा."

मला सबस्टेशनवर काम मिळालं. मीटर बघायचे, नोंदी ठेवायच्या, स्विच टाकायचे. घुले निवृत्त होईपर्यंत माझ्याबरोबर डबा खायला यायचा. सिस्टरांनी अजून तीन वर्षं वर्ग घेतला. दुसऱ्या वर्षापासून आसनांचा क्रम मी शेजारी उभा राहून त्यांच्या कानात सांगायचो आणि त्या मोठ्यानं म्हणायच्या. मग मीच मोठ्यानं म्हणायला लागलो आणि त्या पहिल्या रांगेत उभ्या राहू लागल्या. शेवटी शेवटी त्यांना आम्ही कोणी ओळखू येत नव्हतो. पण श्वास घ्या म्हटलं की घ्यायच्या, आणि चेहरा निवांत असायचा. एका फेब्रुवारीत त्या गेल्या. चर्चमध्ये अख्खा वर्ग हजर होता, छाजेड काकूंसकट. दादा त्यानंतर दोन वर्षांनी गेला.

माझा आजार सुरू झाला तो पंचेचाळिसाव्या वर्षी. म्हणजे त्या बुधवारनंतर मला बारा वर्षं मिळाली. ती बारा वर्षं मी न्हाणीघरात घालवली नाहीत, एवढं म्हणू शकतो. आता मी बावन्न वर्षांचा आहे. काठी घेऊन चालतो, वळताना भिंत धरतो, बोलताना लोकांना दोनदा विचारावं लागतं. वर्ग खुर्चीवर बसून घेतो. रोज काहीतरी जातं. गेल्या पावसाळ्यात सही गेली, अंगठा लावतो. वाईट वाटतं. वाटतं आणि जातं.

माझं मी असं घेतलं आहे. पण सायलीचं मला जमलेलं नाही, हेही खरं सांगतो.

सायली तेवीस वर्षांची आहे. नाशिकला औषधांच्या कंपनीत नोकरी करते. तिला आम्ही सोळाव्या वर्षीच सगळं सांगितलं. तपासणी तिनं केलेली नाही. परवा दिवाळीला आली तेव्हा म्हणाली, एक मुलगा आहे, त्याला पहिल्याच भेटीत घरातल्या आजाराचं सांगितलं.

"मग काय म्हणाला?" रंजनानं विचारलं.

"म्हणाला, बरं झालं सांगितलंस. मग म्हणाला, विचार करायला वेळ लागेल. मी म्हटलं, घे."

"आणि तपासणी?" मी विचारलं. न विचारायचं ठरवलं होतं, तरी विचारलं.

"करावीशी वाटेल तेव्हा करीन, बाबा. आत्ता वाटत नाही."

भाऊबीजेच्या पहाटे ती माझ्याबरोबर वर्गाला आली. माझ्या खुर्चीजवळच सतरंजी टाकली. सणामुळं दहा-बाराच माणसं होती. मी एक एक आसन सांगत होतो, ती करत होती. एका पायावर उभी राहिली, हात जोडून वर नेले, डोळे मिटले. डोळे मिटून हे आसन फार अवघड. मी पुढचं सांगायचं विसरून तिच्याकडं बघत राहिलो. ती जराशी झुकली. माझे हात खुर्चीच्या दांड्यांवर आवळले गेले.

"बाबा," डोळे न उघडता ती हळू आवाजात म्हणाली, "माझ्याकडं बघू नका. लोक थांबलेत."

मी मान वळवली. समोर दहा-बारा माणसं एका पायावर उभी होती, माझ्या तोंडाकडं बघत.

"पाय खाली," मी म्हणालो. "आता दुसरा."